मुंबईहून मुन्नारला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी आखणी

मुन्नारला जायचं ठरलं की मुंबईच्या घरात पहिला प्रश्न निघतो, "तिथे पॉइंट किती?" महाबळेश्वर-माथेरानने लावलेली ही सवय आहे. तिथे ती चालून जाते, कारण सगळं जवळजवळ आहे. मुन्नारला एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला घाटाने तास-दीड तास सहज जातो आणि दुपारी ढग उतरले की समोरची दरी असून नसल्यासारखी होते. म्हणून इथली आखणी पॉइंटांच्या यादीवर करू नका. महिना कोणता, घाट कुठल्या वेळी चढायचा आणि रोजची सकाळ कुठे घालवायची, या तीन गोष्टी आधी ठरवा. बाकीचं त्यांच्या मागून आपोआप बसतं.

जायच्या आधी थोडा भूगोल डोक्यात असू द्या. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, मुतिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्यांच्या संगमावर, साधारण दीड हजार ते सोळाशे मीटर उंचीवर हे गाव आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास अख्खा बाजार, बस स्टँड, शाळा, चर्च आणि देऊळ वसलेलं आहे. त्याच्याही वर अनाईमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वोच्च शिखर. हा आपला सह्याद्रीच. पालघाटच्या खिंडीत तो खाली बसतो आणि पलीकडे दुप्पट जोमाने उठतो. १८७७ मध्ये जॉन मन्रो या इंग्रजाने पूंजारच्या राजघराण्याकडून ही डोंगरजमीन घेतली. सुरुवातीला इथे कॉफी आणि सिंकोना (क्विनीनचं झाड) लावून पाहिले, पण टिकला तो चहा.

आधी महिना ठरवा, मग रजा टाका

नवरात्र उलटली की पाऊस संपला, असा आपला मुंबईचा हिशेब. केरळात तो लागू पडत नाही. नैऋत्येचा पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो. तो दिवसभर धरत नाही. सकाळ लख्ख असते, दुपारनंतर गडगडाट होतो आणि सरी कोसळतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी सगळं फिरणं दुपारी एकच्या आत उरकायचं, असं धरूनच निघावं. एवढं सांभाळलंत तर हे दिवस फार सुंदर असतात. मळे धुऊन निघालेले, ओढे वाहते, हवेत धूळ नाही.

डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ आणि थंडी खरीखुरी. रात्री पारा एक आकडी होतो आणि काही पहाटे आजूबाजूच्या मळ्यांत गवतावर दंव गोठून पांढरं पडतं. हे बघायला केरळातूनच माणसं लोटतात. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळाच. गावातून जाणारे रस्ते अरुंद आहेत, गाड्या तासन्‌तास खोळंबतात आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा पाहा, तोच मुलूख निवांत मिळेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा उत्तम आणि गर्दी कमी, पण एक अडचण आहे. निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीचा हा काळ, त्यामुळे इरविकुलम राष्ट्रीय उद्यान सहसा १ फेब्रुवारी ते ३१ मार्च बंद असतं. ताहर बघायचेच असतील तर हे दोन महिने सोडा. नसतील, तर माझ्या मते हेच दोन महिने सगळ्यात चांगले. मार्च-एप्रिलमध्ये मळ्यांच्या कडेने नीलमोहर फुलतो आणि हिरव्या उतारांवर जांभळ्या रेघा ओढल्या जातात.

एप्रिल-मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, आपल्याही आणि केरळ-तमिळनाडूच्याही. मुंबईच्या घामातून जाणाऱ्याला तिथली हवा सुखाची वाटते, पण खोली दोन महिने आधी बघायला हवी.

जून ते ऑगस्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाईजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली, चहामजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या आणि सत्तर जणांचा जीव गेला. माळीण आणि तळिये पाहिलेल्या आपल्याला पावसाळ्यातला डोंगर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जिल्ह्यात ऑरेंज किंवा रेड अलर्ट लागला की प्रशासन घाटातली रात्रीची वाहतूक आणि पर्यटनस्थळं बंद ठेवतं, मग हॉटेलच्या खिडकीतून धुकं बघत बसावं लागतं.

नीलकुरिंजीबद्दल दरवेळी कोणीतरी विचारतं. ती बारा वर्षांनी एकदा फुलते. २०१८ ला फुलली, आता २०३० ला फुलेल. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी तिच्याच कुळातली. अधल्यामधल्या वर्षी तुरळक फुलं दिसतात, पण डोंगरच्या डोंगर निळे झालेले बघायचे असतील तर २०३० पर्यंत थांबणं आलं. 'यंदा कुरिंजी स्पेशल' म्हणून पॅकेज विकणाऱ्याला कुठल्या डोंगरावर आणि किती, एवढं नक्की विचारा.

तिकिटं

मुन्नारला रेल्वे जात नाही. उतरायचं आलुव्याला किंवा एर्नाकुलमला. माझी पसंती आलुव्याला, कारण तिथून थेट मुन्नारचा रस्ता धरता येतो, कोचीच्या रहदारीत शिरावं लागत नाही. कोचीचा विमानतळही आलुव्याजवळच, नेडुम्बश्शेरीला आहे. दोन्हीकडून मुन्नार सुमारे ११० किलोमीटर.

मुंबईहून रोजच्या दोन गाड्या सोयीच्या. नेत्रावती एक्सप्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपार होता होता सुटते, ठाणे-पनवेल घेते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आलुव्याला पोचवते. चिपळूण-रत्नागिरीचा टप्पा उजेडात मिळतो हा तिचा मोठा गुण. दुसरी मंगला लक्षद्वीप. ती दिल्लीहून येते, कल्याण-पनवेलला थांबते आणि बहुतेक महिने दुसऱ्या दिवशी सकाळी केरळात पोचते. घाट चढायला सकाळ हाताशी येते म्हणून वेळेच्या दृष्टीने मंगला सरस. पण लांबून येणारी गाडी असल्याने उशीर झाला तर मोठा होतो. दुरांतो आणि गरीबरथही आहेत, मात्र त्या रोज नाहीत.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या दिवसांत कोकण रेल्वेवरच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, तेव्हा साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचे वेग कमी होतात आणि वेळा बदलतात. दसऱ्याला जाणाऱ्यांनी जुन्या वेळेच्या भरवशावर पुढची गाडी बांधू नये.

विमानाने मुंबई-कोची दोन तासांच्या आतबाहेर. पहाटेचं किंवा सकाळचंच विमान घ्या, दुपारचं स्वस्त दिसलं तरी नको. त्याचं कारण पुढच्या भागात आहे. घरात आजी-आजोबा असतील तर जाताना रेल्वे, येताना विमान हा मेळ चांगला बसतो. जाताना सगळ्यांना उत्साह असतो, डबे उघडले जातात, कोकण दिसतं. येताना अंग आंबलेलं असतं.

घाट उजेडात चढा

आलुव्याहून पेरुंबावूर, कोतमंगलम करत नेर्यमंगलमपर्यंत रस्ता सपाट आणि गर्दीचा आहे. नेर्यमंगलमला पेरियार नदीवर १९३५ चा कमानींचा पूल लागतो. तो ओलांडला की जंगल आणि वळणं सुरू होतात. रस्त्याला लागूनच आधी चीयप्पारा आणि मग वालरा हे धबधबे. पावसाळ्यानंतर थांबण्यासारखे, मार्चमध्ये नुसते कातळ. खाऊची पिशवी हातात धरून गाडीतून उतरू नका, माकडं तयारच असतात. पुढे अडिमाली हे मोठं गाव. जेवण, औषधं, एटीएम, सगळं इथे उरकून घ्या. तिथून मुन्नार तीसेक किलोमीटर, आणि खरी चढण हीच.

एकूण साडेतीन ते चार तास धरा. अंधार साडेसहाला पडतो, म्हणजे आलुवा दुपारी दोनच्या आत सोडायला हवं. गाडीला उशीर झाला आणि चार वाजले, तर सरळ आलुव्यात किंवा कोचीत रात्र काढा आणि पहाटे निघा. एका रात्रीचे पैसे जातात खरे, पण धुक्यातल्या घाटात समोरची गाडी दिसत नाही आणि या पट्ट्यात रात्री हत्ती रस्त्यावर येतात.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, पोट अर्धं ठेवावं आणि नेर्यमंगलमच्या आधी अर्धा तास गोळी घ्यावी. खिशात आलेपाकाच्या वड्या असू द्या. मुलांच्या हातातून मोबाइल काढून घ्या, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

वाहन दोन प्रकारे मिळतं. केरळ राज्य परिवहनच्या बस एर्नाकुलम आणि आलुव्याहून थेट मुन्नारला जातात, स्वस्त आहेत आणि चालक घाटात मुरलेले असतात. दोघं-तिघं असाल आणि सामान कमी असेल तर बसच घ्या. कुटुंब असेल तर पूर्ण मुक्कामासाठी गाडी ठरवणं परवडतं. ठरवताना चार गोष्टी फोनवर न ठेवता लेखी घ्या: दिवसाला किती किलोमीटर धरलेत, टोल-पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरच्या राहण्याजेवणाचं काय, आणि कोलुक्कुमलाई या उंचावरच्या चहामळ्याला नेणारी जीप यात आहे की वेगळी. ती जवळपास नेहमीच वेगळी असते.

मुक्काम: नकाशा उघडूनच खोली घ्या

'मुन्नार' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या खोल्या प्रत्यक्षात वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात पसरल्या आहेत. फोटो सगळ्यांचे सारखेच, हिरवे. म्हणून हॉटेलचं नाव नकाशावर टाकून बाजारापासूनचं अंतर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

ढोबळ तीन भाग आहेत. पहिला, गाव आणि त्याला लागूनचा भाग. इथे बस मिळते, खानावळी आहेत, पण रस्त्याचा आवाज आणि गर्दीही आहे. स्वतःची गाडी नसेल तर इथेच राहा. दुसरा, कोचीच्या रस्त्याकडचा उतार: पोत्तमेडू, चित्तिरपुरम, आनच्चाल. बरीचशी हॉटेलं आणि होमस्टे याच पट्ट्यात आहेत. आनच्चाल उंचीला कमी, म्हणून थंडीही कमी, आणि चहापेक्षा वेलदोड्याचे मळे जास्त. खिडकीतून चहाचे मळे दिसावेत म्हणून जाणाऱ्याचा इथे हिरमोड होतो. तिसरा, पूर्वेकडचा देवीकुळम, चिन्नकनाल, सूर्यनेल्लीचा भाग. शांत, उंच, दऱ्या खोल, पण जेवायलाही हॉटेलातच बसावं लागतं.

तीन रात्री असतील तर दोन गावाजवळ आणि एक सूर्यनेल्ली बाजूला अशी वाटणी करा. त्याने कोलुक्कुमलाईची पहाट सोपी होते. तीनपेक्षा कमी रात्री ठेवू नका. दोन रात्रींत एक दिवस घाट खातो, उरतो एकच.

खोली घेताना फोनवर विचारायचे प्रश्न: गाडी जिथे थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? गरम पाणी किती वाजता, सोलर की गीझर? जादा ब्लँकेट मिळेल का? पायऱ्यांचा प्रश्न घरातल्या मोठ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. इथली घरं उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली असतात आणि 'व्हॅली व्ह्यू' म्हणजे पुष्कळदा साठ-सत्तर पायऱ्या खाली. एकट्यादुकट्या तरुणांसाठी केरळ राज्य परिवहनने मुन्नारच्या डेपोत जुन्या बसना झोपण्याच्या बर्थ बसवून स्वस्त मुक्कामाची सोय केली आहे. एका रात्रीपुरती ती चांगली.

दिवस कसे लावायचे

पोचण्याचा दिवस रिकामा ठेवा. बाजारात फेरी, एक कट्टन चाया (तिथे कोऱ्या चहाला असंच म्हणतात), लवकर जेवण आणि झोप.

पहिली पूर्ण सकाळ इरविकुलमला द्या. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि उघडताना, म्हणजे आठच्या सुमारास, दारात असा. आपली गाडी खालीच थांबते, तिथून वनखात्याच्या बस वर नेतात आणि पुढे डांबरी चढणीने चालायचं. ९७ चौरस किलोमीटरचं हे उद्यान १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ताहर इथे माणसाला बुजत नाहीत, रस्त्याच्या कठड्यापाशी चरत असतात. त्यांना खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. त्यांच्यामागे उघडे गवताळ डोंगर आणि घळींमध्ये दाटलेली बुटकी झाडी दिसते, तिला शोला म्हणतात. गवत आणि शोला मिळून पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर हळूहळू सोडतात. खालच्या नद्या त्यावर वाहतात. पलीकडे दिसते ती अनाईमुडी, तिच्यावर चढायची परवानगी सर्वसाधारण पर्यटकांना नसते. दहाच्या पुढे बसची रांग लांबते आणि ढगही येतात, म्हणून आठचा आग्रह. परतताना नल्लतण्णीचं चहा-संग्रहालय करा. ते सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस फिरवा.

दुसरा दिवस मट्टुपेट्टी, कुंडला आणि टॉप स्टेशनचा. सगळे आधी मट्टुपेट्टीच्या धरणावर थांबतात आणि टॉप स्टेशनला दुपारी पोचतात, तेव्हा तिथे पांढऱ्या भिंतीखेरीज काही नसतं. उलटं करा. सातला निघा, सरळ ३२ किलोमीटर टॉप स्टेशन गाठा, खाली तेनीचं मैदान पाहून घ्या आणि येताना कुंडला-मट्टुपेट्टी करा. या जागेला स्टेशन का म्हणतात हे मुलांना जरूर सांगा. १९०८ पासून मुन्नार ते इथपर्यंत माथेरानच्याच मापाची, दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे धावत होती. चहाच्या पेट्या इथवर यायच्या, मग रोपवेने तमिळनाडूत उतरायच्या आणि तुतिकोरीन बंदरातून बोटीवर चढायच्या. १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली आणि पुन्हा बांधली गेली नाही. इको पॉइंट वगळलात तर फार काही चुकणार नाही, तिथे दहा जण एकदम ओरडत असतात.

कोलुक्कुमलाई हा वेगळा विषय आहे. सात हजार फुटांहून उंचावरचा हा चहामळा तमिळनाडूत येतो, पण जायची वाट केरळातून, सूर्यनेल्लीहून. सूर्योदयासाठी पहाटे चार-साडेचारला जीप निघतात. दर जीपमागे असतो, माणसामागे नाही, म्हणून सहा जण जमवा. तासाभराहून जास्त वेळ दगडगोट्यांवरून गाडी अक्षरशः आपटत जाते. कंबर-मान दुखणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि अगदी लहान मुलांनी जाऊ नये, यात कोणाचाही आग्रह चालू देऊ नका. जे जातील त्यांना ढगांच्या थराखालून सूर्य वर येताना दिसेल, आणि खाली उतरताना जुन्या यंत्रांवर चालणारा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान बारीक न चिरडता वळवून केलेल्या, चहाचा कारखाना.

चौथा दिवस हाताशी असेल तर मरयूर. चाळीसेक किलोमीटरवर डोंगराची पाठ लागते, पाऊस कमी होतो आणि मुलूख एकदम बदलतो. चंदनाची नैसर्गिक जंगलं आहेत, दगडी शिळांची पुरातन थडगी आहेत आणि उसाची शेतं आहेत. मरयूरच्या गुळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळात हातांनी वळलेले गोळे गरम असताना चाखा. कोल्हापुरी गुळावर वाढलेल्या जिभेलाही तो आवडेल, किंचित खारटपणा नसलेला, गडद रंगाचा.

हत्तींबद्दल एक सूचना. पडयप्पा नावाचा मोठा सुळेवाला हत्ती मुन्नारच्या मळ्यांत आणि रस्त्यांवर फिरतो, कधी दुकानांपर्यंतही येतो. तो दिसला तर गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. चिन्नकनाल आणि आनयिरंगल धरणाच्या बाजूला अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, हॉटेलवाला "काही होत नाही" म्हणाला तरी.

चहा बघायचा तो असा

या सहलीत माझ्या लेखी सगळ्यात मोलाची वेळ ही. आपण मुंबईकर दिवसातून चार वेळा चहा पितो आणि त्याचं झाड कसं असतं ते शंभरातल्या नव्वदांनी पाहिलेलं नसतं. ते छाटलं नाही तर झाड म्हणूनच वाढतं. कंबरेइतकं ठेवलं जातं ते हात पोचावा म्हणून आणि कोवळे फुटवे येत राहावेत म्हणून. मळ्यात मधून मधून उभी दिसणारी उंच, चंदेरी पानांची झाडं सिल्व्हर ओकची, ती सावलीसाठी.

सकाळी साडेआठ-नऊला रस्त्याच्या कडेला कुठेही खुडणी चाललेली दिसेल. गाडी बाजूला घ्या आणि दहा मिनिटं नुसतं बघा. खुडणाऱ्या बायकांनी कंबरेला ताडपत्री किंवा प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं, कारण झुडपं दवाने निथळत असतात आणि कपडे चिंब होतात. हातात कातरी, तिला लागून एक पेटी, कापलेली पालवी पेटीत पडते आणि तिथून पाठीवरच्या पोत्यात. चांगल्या खुडणीत दोन पानं आणि एक कळी हवी. खालचं जून पान आलं तर चहाचा दर्जा उतरतो. पोतं भरलं की डोंगराच्या उतारावरून वजनकाट्यापर्यंत चालत न्यायचं. या बहुतेक बायका तमिळ बोलतात, त्यांच्या तीन-चार पिढ्या याच मळ्यांत गेल्या. हाक मारायला आपलं 'अक्का' चालतं, तमिळमध्येही थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. फोटो काढण्याआधी विचारा. दिवसाचं वजन भरायचं असतं, त्यांना थांबवून पोतं पाठीला लावून स्वतःचे फोटो काढून घेणं बरं दिसत नाही. २०१५ मध्ये याच मळ्यांतल्या बायका बोनससाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, स्वतःच्या नेतृत्वाखाली, संघटनांच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून. ती 'पोम्बिलै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट. कपातला चहा कोणाच्या हातून येतो हे समोर उभं राहून कळतं तेव्हा ही गोष्ट माहीत असावी.

मळ्यात शिरायचं तर विचारून. तो खाजगी मळा आहे, आणि कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. पान तोंडात घालू नका.

संग्रहालय कानन देवन हिल्स प्लांटेशन्स या कंपनीचं आहे. २००५ मध्ये टाटा टीने मळे चालवण्यातून अंग काढलं तेव्हा ही कंपनी उभी राहिली आणि मळ्यांतले हजारो कामगार तिचे भागधारक झाले. आत १९१३ चं ग्रॅनाइटचं सूर्यघड्याळ आहे, मळ्याला वीज पुरवणारं जुनं पाणचाक आहे आणि छोट्या रेल्वेचे अवशेष आहेत. पण पाय रेंगाळू द्यायचे ते कारखान्याच्या नमुन्यापाशी. पालवी आधी वाऱ्यावर कोमेजवतात. मग ती दातेरी रुळांच्या जोड्यांमधून जाते आणि चिरडून, फाटून, वळून बाहेर पडते. याच पद्धतीला सीटीसी म्हणतात. बाहेर पडताना ती ओल्या गवतासारखी हिरवीगार असते. पट्ट्यावर पुढे सरकत असताना हवा लागून रंग पिवळट, मग तांबूस, मग तपकिरी होत जातो आणि वासही पालटतो, हिरव्या पानाचा वास जाऊन चहाचा येतो. पाच-दहा मिनिटं एका जागी उभं राहिलात तर हे नाकाला कळतं. नंतर गरम हवेत सुकवणं आणि चाळण्या. मोठे दाणे वेगळे, बारीक वेगळे, अगदी भुकटी वेगळी. साधारण साडेचार किलो पालवीचा एक किलो चहा होतो. आपल्या टपरीवरच्या कटिंगला लागतो तो बारीक डस्ट, कारण दुधाला रंग आणि कडकपणा तोच देतो. घरी चाळीच्या वाण्याकडून ममरी म्हणून आणतो तो दाणेदार सीटीसी.

बॅग, जेवण, पैसे

स्वेटर, कानटोपी, मोजे आणि पावसाळी जाकीट बारा महिने. बूट घसरणारे नकोत. ऑक्टोबरमध्ये गवतात जळवा असतात, मिठाची पुडी जवळ ठेवा आणि जळू ओढून काढू नका. पाण्याची स्टीलची बाटली हवीच, प्लॅस्टिकवर इथे कडक निर्बंध आहेत आणि इरविकुलमच्या दारात पिशव्या तपासतात.

जेवणाची चिंता नको. पुट्टू-कडला, अप्पम, परोट्टा, केळीच्या पानावरचं जेवण मिळतं. भात जाड, तांबूस मट्टा तांदळाचा असतो, पहिल्या दिवशी कमी घ्या. शुद्ध शाकाहारी तमिळ उपाहारगृहं बाजारात आहेत. मासे मात्र वर डोंगरात मागू नका, ते कोचीला खा. ड्रायव्हर किंवा हॉटेलवाल्याला 'चेट्टा' म्हणा, बाईला 'चेची'. हिंदी बाजारात चालते, आत मळ्यांत नाही. यूपीआय गावात सगळीकडे, पण जीप आणि लहान टपऱ्यांसाठी रोख ठेवा, डोंगरामागे रेंज जाते.

कोडाईकनाल जोडून करणार असाल तर तमिळनाडूचा ई-पास आधी काढावा लागतो. मुन्नारला तसा पास नाही. पहिल्या खेपेला जोडू नका, असंच मी म्हणेन.

चहा विकत घेताना आणि परतताना

चहा कंपनीच्या किंवा कारखान्याच्या दुकानातून घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. दुधाच्या चहासाठी डस्ट किंवा बारीक सीटीसी. कोरा पिणाऱ्यांसाठी ऑर्थोडॉक्स: कपाला चमचाभर पान, उकळून जरा खाली उतरलेलं पाणी, तीन-चार मिनिटं झाकण, मग गाळणं. तो आधणात टाकून उकळू नका, नुसता कडू होतो. वेलदोडा इथला जरूर घ्या, हिरवा, टपोरा, नखाने फोडल्यावर आतले दाणे काळे आणि चिकट असलेला. रस्त्याकडेच्या 'मसाला बागां'मधली तेलं आणि औषधं घेऊ नका.

परतीच्या दिवशी सकाळी आठला मुन्नार सोडा. उतरताना गाडी चढतानापेक्षा जास्त लागते, तेव्हा न्याहारी हलकी. संध्याकाळी सहानंतरचं विमान किंवा गाडी असेल तरच मध्ये थांबण्याला जागा राहते. विमान रात्रीचं असेल तर फोर्ट कोचीला दोन तास मिळतात, पण मग सामान गाडीत आणि ड्रायव्हरशी हे आदल्या दिवशीच बोललेलं हवं. रेल्वेने येणाऱ्यांनी चहाची पाकिटं डब्यात घालून बॅगेत मधोमध ठेवावीत, आणि घरी आल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पाकिटातल्या चहाचा वास महिन्याभरात उडून जातो.